पेंग्विनरावांचं नाक आणि कंपनीचा टॅब्लेट

पेंग्विनरावांचं खरं नाव कंपनीत दोनच जागी होतं. एक हजेरीच्या यंत्रात आणि दुसरं त्यांच्या लॉकरच्या किल्लीला बांधलेल्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवरची शाई ओलाव्याने कधीच पसरली, आणि हजेरीचं यंत्र अंगठा ओळखून नुसतं "टुंग" करतं, नाव घेत नाही. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं मालकीणबाईंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना पेंग्विनरावच म्हणत. बायकोसुद्धा म्हणायची, पण फक्त रागावली की.

नाव पडलं ते कोटामुळे. कंपनीचं शीतगृह होतं. आत वाटाणे, मासे आणि आइस्क्रीम उणे बावीस अंशांत गुण्यागोविंदाने नांदत. तिथे शिरायचं म्हणजे दोन विजारी, वर गादीएवढा कोट, कानांवरून टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, आणि हातांत असे मोजे की आत किती बोटं आहेत याचा मालकालाही विसर पडावा. हा सगळा सरंजाम चढवून पेंग्विनराव दोन रॅकांच्या मधून निघाले की हात अंगाला टेकत नसत, गुडघे वाकत नसत, आणि माणूस डावीकडे-उजवीकडे झुलत पुढे सरकत असे. पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "अरे, पेंग्विन आला रे!" 'राव' मागाहून लागलं. एकोणीस वर्षांत मिळालेली ती एवढीच बढती.

आता नाकाविषयी. पेंग्विनरावांच्या नाकाला चेहऱ्याचा भाग म्हणणं जरा अन्यायाचं होईल. खरं तर चेहराच त्या नाकाकडे भाड्याने राहत होता. लांब, पुढे जाऊन किंचित खाली झुकलेलं आणि टोकाला गोल. रॅकच्या वळणावर आधी नाक दिसे, मग थोडा वेळ काहीच दिसत नसे, मग पेंग्विनराव दिसत. लहानपणी आत्या म्हणायची, "याचं नाक एक दिवस काहीतरी करून दाखवणार." आत्याच्या डोळ्यांसमोर काय होतं कुणास ठाऊक, पण टॅब्लेट नक्कीच नसावा.

माणूस मात्र सरळ. खोटं बोलायचं झालं तर त्यांना आधी पाणी प्यावं लागे, आणि तोपर्यंत समोरच्याला कळलेलं असे.

त्यांचं काम असं. बारा दारांवरचं तापमान बघायचं, कुठल्या रॅकवर किती खोकी आली, किती गेली, ते लिहायचं. लिहायचं पेन्सिलीने, कारण पेनातली शाई आत गेल्या गेल्या संपावर जाते. पेन्सिल दोरीने गळ्यात आणि कागद पुठ्ठ्यावर. पुठ्ठा ठेवायचा आतल्या एकुलत्या एक टेबलावर, ज्याचा एक पाय आखूड असल्यामुळे त्यावर लिहिलेला प्रत्येक आकडा नौकेत बसून लिहिल्यासारखा दिसे. चाळीस मिनिटं आत, मग पंधरा मिनिटं बाहेर उबेच्या खोलीत चहा, की पुन्हा आत. संध्याकाळी ते कागद वरच्या मजल्यावर जात. तिथे दोघंजण ते संगणकात भरत आणि दिवसभर एकमेकांना विचारत, "हा चार आहे की नऊ?" "तुला काय हवाय?" "मला नऊ." "मग नऊ."

हे असं किती दिवस चालणार? तरीही चाललं असतं. पण मालकीणबाई एकदा दुसऱ्या एका कंपनीत गेल्या.

तिथे स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुलीच्या हातात पापडाएवढा पातळ, चकचकीत टॅब्लेट होता. मुलीने त्यावर एक बोट फिरवलं आणि मालकीणबाईंसाठी कॉफी आली. मालकीणबाई कॉफी न संपवताच परत आल्या. कंपन्या कामासाठी यंत्र कसं निवडतात यावर म्हणे जाडजूड पुस्तकं आहेत. बॅटरी किती टिकते, पडलं तर काय होतं, जुने प्रोग्रॅम त्यावर चालतात का, सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळता येतात का, असे पन्नास मुद्दे त्यांत असतात. ते सगळे खरेच. पण निम्म्या वेळा असं होतं की कुणाच्या तरी हातात काहीतरी छान दिसतं, आणि मुद्दे मागाहून गोळा करायला माणसं पाठवतात.

बैठक वरच्या दालनात भरली. हीटर चालू होता. टेबलावर तीन नमुने मांडले होते. पहिला तो काचेचा, चकचकीत. त्याचं नाव जागच्या जागी पडलं आरसा, कारण मालकीणबाईंनी उचलल्याबरोबर त्यात केस नीट केले. दुसरी घडीची, कळफलक जोडलेली. तिला सगळे पाटी म्हणू लागले. तिसरं एक काळं, जाड, चारी कोपऱ्यांना रबर लावलेलं, वर पकडायला पट्टा आणि खाली बोराएवढी बटणं असलेलं धूड होतं. ते आणणारा माणूस ते ठेवून गेला तो परत फिरकलाच नव्हता.

"ही काय वीट आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

तिचं नाव ठेवायचा प्रश्न मिटला.

बैठकीला कंपनीचे संगणकवाले होते. त्यांना पासवर्डसाहेब म्हणत. कुठलीही तक्रार न्या, त्यांचं उत्तर एकच, "पासवर्ड बदलून बघा." खुर्ची करकरते म्हटलं तरी तेच. ज्ञान अफाट, पण आवाज इतका बारीक की त्यांनी दिलेला सल्ला टेबलाच्या पलीकडे पोचेपर्यंत विरून जात असे.

"मॅडम, आपला खोक्यांचा प्रोग्रॅम आहे ना," ते टेबलाला म्हणाले, "तो या विटेवर जसाच्या तसा चालतो. बॅटरीही काढून दुसरी घालता येते. बाकीच्यांवर सगळं नव्याने..."

"काय म्हणालात?"

"काही नाही, मॅडम."

मग आरशाचा विक्रेता उभा राहिला. त्याच्या गळ्यात इतका लांब टाय होता की बसला की मांडीवर घडी घालावी लागे. टायवाल्याने आरसा तळहातावर घेतला आणि एका बोटाने फुलपाखराला थोपटावं तसा थोपटला. पडद्यावर रंग उमलले. दालनातल्या सगळ्यांनी "वा!" म्हटलं.

"साहेब," मागून पेंग्विनरावांनी विचारलं, "मोजे घालून चालतो का हा?"

"सर," टायवाला भारावून म्हणाला, "याला फक्त स्पर्श लागतो. स्पर्श!"

सगळ्यांनी पुन्हा "वा!" म्हटलं. पेंग्विनरावांनीही म्हटलं. आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही हे त्यांच्या लक्षात जिना उतरताना आलं. तेव्हा परत वर जाऊन विचारणं बरं दिसेना.

मालकीणबाईंनी जाहीर केलं की एक महिना शीतगृहात चाचणी घ्यायची, मग एकतीस टॅब्लेट मागवायचे, आत काम करणाऱ्या माणसामागे एक. "आणि जो ही चाचणी यशस्वी करेल, तो नोंदप्रमुख. वरच्या खोलीत बसेल."

वरच्या खोलीतल्या नोंदप्रमुखाची खुर्ची म्हणजे काय हे शीतगृहात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. खिडकीतून ऊन, पायाशी हीटर, पाठीला गादी. आधीचे नोंदप्रमुख निवृत्त होताना त्या खुर्चीला मिठी मारून रडले होते.

पेंग्विनरावांनी घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा बायको विणत होती. बायको सदैव विणत असे. घरात पाण्याच्या बाटलीला स्वेटर होता, दाराच्या कडीला टोपी होती. पेंग्विनराव नेहमीप्रमाणे सोफ्यावर बसले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी आपले पाय तिच्या मांडीखाली सारले.

"अयाई गं!" बायको नेहमीप्रमाणे किंचाळली. "अहो, एकोणीस वर्षं मी दोन बर्फाच्या लाद्यांशी संसार केलाय. ती खुर्ची तुम्हाला मिळालीच पाहिजे. मला गरम पायांचा नवरा हवाय. मग तो तुम्हीच असलात तरी चालेल."

आणि तिने त्याच संध्याकाळी खुर्चीसाठी गादीचं आवरण विणायला घेतलं. लाल, मध्ये पांढरं फूल. पेंग्विनरावांनी पाय हळूच काढून घेतले, कारण बायकोने विणायला घेतलेली गोष्ट आजवर कधी उसवलेली नव्हती.

चाचणीसाठी दोघांना निवडलं होतं, पेंग्विनरावांना आणि चिमणीताईंना. चिमणीताई तिशी ओलांडलेल्या आणि जेमतेम खांद्याएवढ्या. जीभ मात्र अशी की उणे बावीस अंशांतही गोठत नसे.

पाटी पहिल्याच दिवशी बाद झाली. आत नेल्या नेल्या तिच्यावर अक्षरं उमटली, "अपडेट चालू आहे. कृपया बंद करू नका." पाळी संपली तरी अक्षरं तीच. वीट कुणी उघडूनही पाहिली नाही. चिमणीताईंनी ती डुगडुगत्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. बरोबर बसली. सात वर्षांत पहिल्यांदा टेबल स्थिर झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोज्यांमुळे आवाज आला नाही एवढंच.

उरला आरसा. दोघांना एकेक दिला होता.

पेंग्विनरावांनी मोज्याचं बोट पडद्यावर ठेवलं. काही झालं नाही. दाबलं. ठोकलं. फुंकर मारली, तर तिचा बर्फ झाला. टायवाल्याने दिलेलं खास पेन चिमणीताईंच्या हातून निसटलं ते माशांच्या खोक्यांमागे गेलं, आणि तिथून आजवर कुणी परत आलेलं नाही. त्याने खास मोजेही दिले होते, रेशमासारखे पातळ. ते घालून पाच मिनिटांत बोटं अशी झाली की कुणाची आहेत म्हणून चौकशी करावी. आणि मोजे काढायची तर सक्त मनाई. उणे बावीसमध्ये उघडं बोट लोखंडाला लागलं की लोखंड त्याला माहेरच्या माणसासारखं धरून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी पेंग्विनराव पडद्यावरचे आकडे वाचायला वाकले. चष्म्यावर धुकं होतं म्हणून आणखी वाकले. आणखी थोडे वाकले.

टिक!

नोंद झाली होती.

पेंग्विनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. रॅकांवर वाटाणे गप्प होते. त्यांनी नाक पुन्हा टेकवलं. टिक! पुढचं पान आलं. सात हवे होते, त्यांनी मान किंचित उजवीकडे वळवली. टिक, सात! एकोणीस वर्षांत आपल्या हातून इतकी सुरेख नोंद कधी झाली नव्हती. आताही हातून झालेली नव्हतीच म्हणा.

आठवड्याभरात त्यांनी या कलेत अशी गती मिळवली की बघत राहावं. 'होय'साठी टोक, 'नाही'साठी डावी कड, पान सरकवायला पडद्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत नाकाची एक लांब, शांत घसरण. बॅटरी आत गेली की धाडकन उतरे. म्हणून आरसा ते कोटाच्या आत पोटाशी धरत आणि नोंदीपुरता बाहेर काढत, पिल्लू बाहेर काढावं तसा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस या यंत्राच्या प्रेमात पडलाय. पासवर्डसाहेबांना शीतगृहातल्या कॅमेऱ्यात बघून तसंच वाटलं. "किती तन्मयतेने वाचतात हो!" ते आपल्या कीबोर्डला म्हणाले, आणि या वेळी दुर्दैवाने मालकीणबाई जवळच उभ्या असल्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं.

पेंग्विनरावांच्या नोंदी रोज शंभर टक्के. चिमणीताईंचा रोज एक कागद, पेन्सिलीने लिहिलेला. "टॅब्लेट चालत नाही." दुसऱ्या दिवशी, "आजही चालत नाही." तिसऱ्या दिवशी, "कालच्याप्रमाणे."

आता एकाच्या हातात यंत्र चालतं आणि दुसरीच्या हातात चालत नाही, यावरून शहाणी कंपनी काय निष्कर्ष काढेल? "यंत्र उत्तम आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "चिमणीताईंना प्रशिक्षणाची गरज आहे." पासवर्डसाहेबांनी चिमणीताईंना पासवर्ड बदलायला सांगितला.

हे ऐकून पेंग्विनराव एक ग्लास पाणी प्यायले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आपली मूठ तर कंपनीच्याच मोज्याने झाकलीय, असं त्यांनी मनाला समजावलं. शिवाय घरी लाल आवरणावरचं पांढरं फूल पुरं होत आलं होतं.

घोळ झाला तो चौथ्या आठवड्यात, बुधवारी. रोज थंड काचेवर घासून पेंग्विनरावांचं नाक आधी गुलाबी, मग लाल, मग वांग्याच्या वाटेला लागलं होतं. कंपनीने दिलेली तोंडावरची कापडी पट्टी नाकावर ओढली की चष्म्यावर धुकं धरतं, म्हणून आत सगळ्यांचीच नाकं उघडी असत, पण इतकं पिकलेलं नाक कुणाचंच नव्हतं. बायकोने ते पाहिलं आणि दोन दिवस गुपचूप काहीतरी विणलं. बुधवारी सकाळी डबा देताना ती वस्तू त्यांच्या हातावर ठेवली. निळ्या लोकरीची, निमुळती, दोन्ही बाजूंना कानात अडकवायचे फास.

"नाकाची टोपी," बायको म्हणाली. "दोनदा माप चुकलं. तिसरी जमली. घाला."

पेंग्विनरावांनी एकोणीस वर्षांत बायकोने विणलेलं काहीही नाकारलं नव्हतं. कोपराच्या टोप्यासुद्धा वापरल्या होत्या. पण लोकर चढवली की टिक कसं होणार?

"नको," ते म्हणाले.

"नको?"

"म्हणजे... छान आहे. पण नको."

"का?"

पेंग्विनरावांनी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला.

"पाणी पिऊ नका!" बायको कडाडली. "पेंग्विनराव! आधी सांगा, मग प्या."

पेंग्विनरावांनी सांगितलं. टेबलाच्या कडेवर नाक टेकवून करूनही दाखवलं. बायको आधी हसली, मग खुर्ची ओढून बसून हसली, मग डोळे पुसताना एकाएकी गप्प झाली.

"आणि शुक्रवारी एकतीस यंत्रं येणार?"

"शुक्रवारी सही होणार."

"आणि उरलेल्या तिसांना नाकं आहेत का अशी?"

पेंग्विनरावांनी विचार करून पाहिला. नव्हती. असं नाक लाखात एखाद्यालाच मिळतं.

बायको उठली. तिने नाकाची टोपी घडी घालून त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि आवरणाच्या फुलाची शेवटची पाकळी विणायला घेतली. आता ती नक्की काय म्हणतेय, खुर्ची घ्या की टोपी घ्या, हे पेंग्विनरावांना कळेना. जिचं तिलाही कळत नव्हतं बहुतेक.

गुरुवारी चिमणीताई उबेच्या खोलीत बसल्या होत्या, तर्जनीला पट्टी गुंडाळून.

"काय झालं, ताई?"

"काय होणार? प्रशिक्षण!" चिमणीताई फणकारल्या. "वरून निरोप आला की आज एक तरी नोंद झालीच पाहिजे. म्हटलं, मोजा काढून करते बाई. नोंद झाली. मग तेच बोट दाराच्या कडीला लागलं. बोट परत मिळालं, पण वरचं साल तिथेच राहिलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "काका, खरं सांगा. तुम्ही कसं करता हो? मला शिकवा ना. मी कुणाला सांगणार नाही."

हे ऐकणं म्हणजे शिव्या ऐकण्यापेक्षा वाईट. पेंग्विनराव त्यांना आत घेऊन गेले, शेवटच्या रॅकमागे, जिथे कॅमेरा पोचत नाही, आणि त्यांनी करून दाखवलं. टिक, टिक, टिक.

चिमणीताईंनी आपला आरसा पुढे धरला. मग म्हणाल्या, "मी करते."

चिमणीताईंचं नाक शर्टाच्या बटणाएवढं. त्या वाकल्या की आधी कपाळ टेके. मान वर केली की हनुवटी टेके. कपाळाने 'रद्द' दाबलं, हनुवटीने पाचशे खोकी आइस्क्रीम परत पाठवलं. नाक मधल्या मधे हवेत. चिमणीताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पापण्यांवर बर्फाचे मणी जमले आणि डोळे उघडायला त्यांना बाहेर चहापाशी न्यावं लागलं.

डोळे उघडल्यावर त्या म्हणाल्या, "काका, उद्या सांगणार ना तुम्ही?"

पेंग्विनरावांनी बशीतली बिस्किटं मोजली. चार होती. पुन्हा मोजली. चारच होती.

शुक्रवारी वरच्या दालनात सगळे जमले. हीटर चालू होता. टायवाला नवा टाय लावून आला होता. मालकीणबाईंनी खुर्ची दाराशी आणून ठेवली होती, आणि पेंग्विनरावांच्या बगलेत पिशवी होती. पिशवीत वर लाल आवरण, खाली निळी टोपी.

"सही कागदावर नको," टायवाला म्हणाला. "आरशावरच करायची, मॅडम. बोटाने!"

"वा!" सगळे म्हणाले.

पेंग्विनरावांनी टेबलाकडे पाहिलं. समोर पाण्याचा पेला होता. त्यांनी तो उचलला, आणि न पिता खाली ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "सही आत करू या."

"आतच तर आहोत."

"आत म्हणजे आत. यंत्र तिथे चालणार, तर सहीही तिथेच शोभेल."

मालकीणबाईंना कल्पना आवडली, कारण आत फोटो चांगला येईल असं त्यांना वाटलं. दहा मिनिटांनी शीतगृहात दोन नवे पेंग्विन झुलत शिरले. एकाच्या कोटाखालून टाय लोंबत होता. मागून पासवर्डसाहेब आणि चिमणीताई आले. मालकीणबाईंनी आरसा त्या डुगडुगत नसलेल्या टेबलावर ठेवला आणि मोज्याच्या बोटाने सही केली.

काही उमटलं नाही.

पुन्हा केली. मग वेलांटी जोरात दिली.

"जरा स्पर्श..." टायवाला कुडकुडत म्हणाला. "स्प... स्प..." त्याच्याने तो शब्द पुरा होईना.

"पेंग्विनराव," मालकीणबाई म्हणाल्या, "तुमचं तर रोज चालतं ना?"

"मॅडम," पेंग्विनराव म्हणाले, "त्याला नाकाने सही करावी लागते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापत होता, पण उणे बावीसमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही. मालकीणबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकल्या, आणि कंपनीच्या मालकिणीचं नाक स्वतःच्या सहीच्या जागी टेकवलं. टिक! पडद्यावर अक्षरं आली, "मागणी रद्द करायची आहे का?" त्या दचकल्या आणि नाक पुन्हा लागलं. टिक! "धन्यवाद." मग बॅटरी एकसष्टवरून शून्यावर आली आणि आरसा काळा झाला. त्यात मालकीणबाईंना आपलं नाक दिसलं. टोकाला लाल ठिपका उगवला होता.

कुणी हसलं नाही. चिमणीताईंनी तोंडात मोजा कोंबला होता.

"मग आता काय करायचं?" मालकीणबाईंनी विचारलं.

पेंग्विनराव खाली बसायला गेले, पण दोन विजारींमुळे गुडघे वाकेनात. म्हणून चिमणीताईंनीच टेबलाखाली शिरून वीट ओढून काढली. टेबल धाडकन तिरपं झालं. विटेवर जवळजवळ महिन्याचा बर्फ होता. चिमणीताईंनी तो बाहीने झाडला आणि पट्टी बांधलेल्या बोटाने, मोज्यासकट, बोराएवढं बटण दाबलं.

वीट उजळली. बॅटरी अठ्ठ्याऐंशी. पडद्यावर त्यांचाच जुना खोक्यांचा प्रोग्रॅम, जसाच्या तसा.

"हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं," पासवर्डसाहेब आपल्या कॉलरला म्हणाले.

"मग जोरात का नाही सांगितलंत?" मालकीणबाई ओरडल्या.

"जोरात बोलायचा कधी प्रसंगच..." पासवर्डसाहेब म्हणाले, आणि बाकीचं वाक्य वाटाण्यांत विरलं.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. मालकीणबाईंनी ती दोन्ही हातांत धरून पाहिली, एकदा मुद्दाम खाली पाडली, पुन्हा उचलली. चालूच होती. "दिसायला भयंकर आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे बघायला कोण येतंय? एकतीस मागवा. नाही, बत्तीस. एक टेबलासाठी."

वर आल्यावर खुर्ची दाराशी तशीच होती. मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावून चिमणीताईंचे ते कागद मागवले, "चालत नाही"वाले, आणि सगळे वाचले. "महिनाभरात या कंपनीत खरं तेवढं यांनीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "नोंदप्रमुख चिमणीताई. आणि यापुढे कुठलंही यंत्र आधी एक पूर्ण पाळी आत. वापरणार कोण, तर सगळ्यांत लहान नाकाचा माणूस."

पेंग्विनरावांनी पिशवीतून लाल आवरण काढलं आणि स्वतःच्या हाताने खुर्चीवर चढवलं. अगदी मापात बसलं. चिमणीताई म्हणाल्या, "अहो काका, हे तुमच्यासाठी..." तर ते म्हणाले, "बसा, ताई. विणलेलं उसवत नाहीत आमच्याकडे."

घरी जाताना मात्र पाय जड झाले. बायको सोफ्यावर होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. खुर्ची गेली, आवरण गेलं, पाय थंडच राहणार. बायकोने सुया खाली ठेवल्या.

"टोपी घातलीत का?" तिने एवढंच विचारलं.

"आता घालता येईल."

"मग बसा."

पुढे एक गंमत झाली. पेंग्विनराव निळी नाकटोपी घालून, मोज्याने वीट दाबत आत हिंडू लागले, तेव्हा उरलेल्या तीस नाकांना हेवा वाटू लागला. नव्या नोंदप्रमुखांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं पत्र काढलं ते पेंग्विनरावांच्या बायकोला, तीस नाकटोप्यांची मागणी. खाली नियमाची आठवणही होती की खरेदीआधी नमुना शीतगृहात तपासला जाईल.

"माझ्या विणकामाची तपासणी?" बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी स्वतः येणार. बघते कोण नापास करतं ते!"

आली. कोट, टोपी, बूट, सगळं चढवून झुलत आत शिरली. बुटांत पायमोजे घालायचे असतात हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. नियम म्हणजे नियम, म्हणून पुरी चाळीस मिनिटं उभी राहिली. टोप्या पास झाल्या. बाहेर येऊन ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं हा माणूस रोज इथे येतो, असं काहीसं त्या नजरेत होतं.

संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसली. पेंग्विनरावांनी सवयीने पाय उचलले, आणि मग ओशाळून स्वतःच्या अंगाखाली घेतले. तेवढ्यात त्यांच्या मांडीखाली काहीतरी शिरलं. एक लादी. पाठोपाठ दुसरी.

"अयाई गं!" पेंग्विनराव किंचाळले.

बायकोने सुया उचलल्या आणि लोकरीचा पहिला टाका घातला.

"हलू नका," ती म्हणाली. "अजून एकोणीस वर्षं आहेत."